पुढच्या सीटवरची सिस्टर

कालगुर्ली,
पश्चिम ऑस्ट्रेलिया,
३० मे २०२१

प्रिय आयव्ही मावशी,

तू बरी आहेस ना? तुझा दुसरा डोस झाल्याचं सिस्टर मीनाक्षीने कळवलं, ते वाचून मला आणि फ्रँकीला हायसं वाटलं. तुमच्या कॉन्व्हेंटमधल्या दोघी गेल्या हेही तिनेच कळवलं. त्यातल्या सिस्टर रोझलीनच्या हातची पेज मी लहानपणी खाल्लीय. काय लिहावं सुचत नाही.

इकडे आमचं ठीक आहे, आणि ठीक आहे असं लिहायचीच लाज वाटते. कालगुर्लीत कोरोना नाही. मास्क नाहीत, दुकानं उघडी, पब भरलेले. फ्रँकीच्या खाणीतल्या शिफ्ट कधी थांबल्याच नाहीत. फक्त तिकडे येता येत नाही. इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागते आणि भारतातून परत यायची विमानंच बंद आहेत. यंदा थंडी लवकर आली. फ्रँकीने परसात लावलेल्या मिरच्या गारठ्याने काळ्या पडल्या, तर तुझा जावई दोन दिवस घरात कुणी गेल्यासारखा बसला होता.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. मीनाक्षी मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून तुला देईल. मीनाक्षी, तू हे वाचत असशील तर इथेच थांब, प्लीज. पुढचं फक्त मावशीसाठी आहे.

मावशी, गुरुवारी आमच्या कॅम्पसवर रिकन्सिलिएशन वीक सुरू झाला. इथल्या मूळ लोकांशी, ॲबोरिजिनल लोकांशी, हा देश कसा वागला ते मान्य करायचं आणि तुटलेलं पुन्हा जोडायचं, असा हा आठवडा दरवर्षी असतो. आमचा कॅम्पस लहान. खाणकाम शिकायला आलेली मुलंच जास्त. मी स्टुडंट ऑफिसमध्ये असते, त्यामुळे कमिटीतही असतेच. कमिटीचे प्रमुख भास्कर सर, नागपूरचे, मायनिंग शिकवतात. मनाने चांगले. यंदा त्यांनी ठरवलं की या भूमीशी आपलं नातं दाखवणारा एक फोटो प्रत्येकाने आणायचा. तो लायब्ररीच्या कॉरिडॉरमध्ये लावायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या.

मी कुठला नेला असेन ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आमच्या घरात दारासमोर लावलेला तुझा फोटो. पांढऱ्या झग्यातली तू, मागे मिशनची मोठी गाडी, भोवती अनवाणी मुलं, आणि तुझ्या कडेवर दोन-अडीच वर्षांचा एक गुबगुबीत मुलगा तुझ्या क्रूसाशी खेळतोय. येईल त्याला आई तो फोटो दाखवायची. आमची आयव्ही ऑस्ट्रेलियातल्या गरीब पोरांची सेवा करते, म्हणायची. मी या देशात आले ती त्या फोटोमुळे, असं मी व्हिसाच्या वेळी फ्रँकीला म्हटलं होतं. आई गेल्यावर मी दागिन्यांआधी तो मागून घेतला. आणि कॅम्पसवर त्याच्याखाली मी लिहिलं की माझ्या घरातली एक बाई माझ्याआधी पन्नास वर्षं इथे आली, या मातीतल्या मुलांची काळजी घ्यायला.

मॉर्निंग टीला मी आपल्या वसईच्या गोड फुग्या तळून नेल्या होत्या. सगळ्यांना आवडल्या.

आता आंटी नोरीनबद्दल सांगते. आमच्या कॅम्पसवर ॲबोरिजिनल मुलांना आधार म्हणून युनिव्हर्सिटीने त्यांच्यातल्याच एका ज्येष्ठ बाईंना नेमलंय. त्या नोरीन. साठीला आल्यात. त्यांना सगळे आंटी म्हणतात, मीही म्हणते, पण आमचं एकेरीतलं आहे, म्हणून तुला तसंच लिहिते. ती वाँगाई आहे, म्हणजे याच सोन्याच्या खाणींच्या भागातल्या मूळ लोकांपैकी. तिच्या खोलीत किटली सदा चालू असते. मुलं रडायला तिथे जातात, मी चहाला जाते. दोन वर्षं रोज आम्ही बोलतोय. ती मिशनमध्ये वाढली हे मला माहीत होतं. कुठल्या, ते मी कधी विचारलं नव्हतं.

हातात कपकेकची प्लेट घेऊन ती फोटो बघत बघत आली. आपल्या फोटोपुढे थांबली. मी कौतुकाने सांगायला सुरुवातही केली, ही माझी मावशी. तिने ऐकलं नाही. प्लेट तिने जमिनीवर ठेवली, काचेवर बोट टेकवलं, तुझ्या कडेवरच्या मुलावर, आणि म्हणाली, “हा माझा भाऊ आहे. लेनी.”

मग तुझ्याकडे बघून म्हणाली, “सिस्टर आयव्ही.”

मावशी, फोटोखाली मी तुझं नाव लिहिलेलं नव्हतं.

पुढचं तिने मला तिच्या खोलीत सांगितलं, अगदी साध्या आवाजात. तिचं कुटुंब रेल्वेलाइनजवळच्या वस्तीत राहायचं. सरकारची किंवा मिशनची गाडी दिसली की बायका मुलांना घेऊन झुडपांत पळायच्या, कारण त्या गाडीतून गेलेली मुलं परत येत नसत. ॲबोरिजिनल मुलं आईबापांपासून काढून मिशनमध्ये वाढवायची, असा कायदाच होता तेव्हा. गोरा चेहरा दिसला की पळायचं, एवढं दोन वर्षांच्या पोरालाही कळायचं. त्या दिवशी गाडी आली तेव्हा तिच्या आईने दुरून पाहिलं, तर पुढच्या सीटवर तू. सावळी. आपल्यातलीच कुणीतरी, लांबची नातेवाईक असेल, असं तिच्या आईला वाटलं. ती बाहेर आली. तिने चहा टाकला. तू उकिडवी बसून लेनीची छाती तपासलीस, त्याला खोकला होता, आणि म्हणालीस की हॉस्पिटलला नेते, रविवारपर्यंत आणून सोडते. लेनी रडू नये म्हणून सहा वर्षांची नोरीन बरोबर बसली.

ती सोळाव्या वर्षापर्यंत मिशनमध्येच होती.

“आम्ही गोऱ्यांपासून पळायचो,” ती म्हणाली. “तिच्यापासून नाही पळालो.”

मग तिने माझ्याकडे कप सरकवला. तिने मला चहा दिला, मावशी.

भास्कर सरांना कळल्यावर ते हादरले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फोटो गुपचूप काढू या, त्या जागी कॅम्पसच्या दिवाळीचा लावू, कुणाला दुखवायला नको. मी काढला. शुक्रवारी सकाळी नोरीन रिकाम्या खिळ्यापुढे उभी होती. परत लाव, म्हणाली. लेनीचा दुसरा फोटो तिच्याकडे नाही. कुणाकडेच नाही. “एकदा तो असा नाहीसा झालाय,” ती म्हणाली, “पुन्हा नको.” फोटो परत लावलाय. खालच्या दोन ओळी मी फाडून टाकल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मिशनमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात लेनी एकदम दिसेनासा झाला. पर्थच्या एका चांगल्या घरी गेला असं नोरीनला सांगितलं. तिची आई दर महिन्याला चालत कुंपणापर्यंत येऊन विचारायची, कुठलं घर, काय नाव. विचारत विचारतच ती गेली. नोरीन आजही पर्थला गेली की पन्नाशीतल्या सावळ्या माणसांचे चेहरे बघत फिरते. तिचं माझ्याकडे एकच मागणं आहे. ते घर कोणाचं? तू तिथली नर्स होतीस, तुला माहीत असेल. आडनाव आठवलं तरी पुरे.

बाकी मी तुला काही विचारत नाही. विचारायचं नाही असं ठरवलंय. जपून राहा, वाफ घे.

तुझी,
क्रिस्टीना


कालगुर्ली,
२७ जून २०२१

प्रिय मावशी,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. वसईत पाऊस चांगला आहे, तू माझ्यासाठी रोज माळ जपतेस, आणि जुन्या गोष्टी आता आठवत नाहीत, देवाला सगळं ठाऊक आहे.

देवाला ठाऊक आहे, पण तो नोरीनला पत्र लिहीत नाही.

मला राग आलाय, तो लपवून मला लिहिता येणार नाही. माझ्या बाप्तिस्म्याला कोण कोण आलं होतं ते तू गेल्या नाताळच्या पत्रात सांगितलंस. आईने शाळेत असताना कुठल्या रंगाची रिबन हरवली ते सांगितलंस. लेनी तुझ्या कडेवर आहे आणि तुझा हात त्याच्या पाठीवर आहे. मी आता तो फोटो रोज येता-जाता बघते. अनोळखी पोराला असं कुणी धरत नाही.

फ्रँकी म्हणतो, म्हातारीला छळू नकोस, ती पंचवीस वर्षांची होती, मोठ्यांनी सांगितलं ते केलं. असेल. मीही स्वतःला असंच सांगून पाहिलं. पण नोरीन सहा वर्षांची होती, तिला तर कुणी काही विचारलंही नव्हतं.

एक नवीन झालंय, म्हणून घाईने लिहितेय. नोरीनने मागे रक्ताचं नातं शोधायची ती टेस्ट केली होती. एक माणूस सापडलाय, फ्रीमँटलचा. लहानपणी दत्तक गेलेला, कागदपत्रं नाहीत, वय जुळतं, लांबचं काहीतरी नातं लागतंय असं टेस्ट म्हणते. नोरीनला खात्री आहे की तो लेनी आहे. उद्या ती ट्रेनने निघणार होती. पण पर्थला कोरोनाची केस सापडलीय, लॉकडाऊन लागेल म्हणतात, म्हणून मुलीने तिला थांबवून धरलंय. दोन-तीन आठवड्यांनी जाईल. त्याच्यासाठी तिने फुटबॉलच्या टीमच्या रंगांचा स्कार्फ विणायला घेतलाय. बारा वर्षांच्या मुलीसारखी हसते. मला विचारत होती, तो मला ओळखेल का.

मावशी, तो लेनी असेल तर मला काहीच नको, तू गप्प राहा, मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण तो लेनी नाही हे तुला माहीत असेल, तर तिला जाऊ देऊ नकोस. मीनाक्षीकडून दोन शब्द पाठव. मला पुरतील.

क्रिस्टीना


वसई,
८ जुलै २०२१

चि. क्रिस्टीना हिस,

येशूच्या नावाने आशीर्वाद.

पहिलं उत्तर मी मीनाक्षीकडून लिहवून घेतलं होतं. हे माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं, सांभाळून घे. ती फक्त मोबाइलवर फोटो काढून पाठवील. तिला मी सगळं सांगितलं आहे. ती माझ्याजवळ बसून रडली आणि मग प्रार्थनेला गेली.

नोरीनला पाठवू नकोस. तो माणूस लेनी नाही.

लेनी मिशनमध्येच वारला. हिवाळ्यात गोवराची साथ आली होती. त्याच्या छातीत कफ भरला. मी मदर सुपीरियरकडे गाडी मागितली, कारण गावच्या हॉस्पिटलात ऑक्सिजन होता. गाडी बाहेर गेली होती. दुसऱ्या एका वस्तीवर मुलं आणायला. मी वाट पाहत त्याला मांडीवर घेऊन बसले. दुपारी मोठी मुलं वर्गात असताना तो गेला. गाडी त्यानंतर आली, तिच्यात तीन नवी मुलं होती आणि त्यांना जेवायला वाढायचं काम माझ्याकडेच होतं.

त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत त्याला पुरलं. फादर, मी आणि माळीकाम करणारा म्हातारा, एवढेच होतो. फळबागेच्या मागे. पाण्याच्या टाकीपाशी शाळेकडे पाठ करून उभं राहिलं की उजव्या हाताला. डोक्याशी मी पांढरा दगड ठेवला. त्याचा बाप्तिस्मा झाला होता, पण क्रूस लावू दिला नाही, मुलांना दिसेल म्हणून. मदर म्हणाल्या, मुलगा मेला हे वस्तीवर कळलं तर बायका कुंपणाशी येऊन आकांत करतील, सरकार दवाखाना बंद करील, मग उरलेल्यांचं काय. तेव्हा मला ते पटलं. तो पर्थच्या चांगल्या घरी गेला हे नोरीनला मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही. ती म्हणाली, त्याच्या घरी कुत्रा आहे का. मी हो म्हटलं.

त्यांची आई कुंपणाशी यायची तेव्हा मी दवाखान्याचं दार लावून घेत असे.

तू विचारणार नाही असं लिहिलंस ते मीच सांगते. मला गाडीत पुढे का बसवत ते मला आधी कळलं नाही. मला तो मान वाटला. बाकीच्या सिस्टर गोऱ्या होत्या, त्यांच्या टेबलावर माझी जागा शेवटची होती, आणि गाडीत मात्र पहिली. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हर हसत बोलून गेला की तू असलीस की पळापळ होत नाही, काम लवकर उरकतं. तेव्हा कळलं. कळल्यावरही मी दोनदा गेले. हे मी कन्फेशनमध्ये सांगितलं आहे, पण ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं नाही.

लेनीच्या आईने डब्यातून चहा दिला होता. मी तो प्याले.

मग मी परत पाठवण्यासाठी अर्ज केला. हवा मानवत नाही असं लिहिलं. तुझ्या आईला मी कितीदा म्हटलं, तो फोटो काढ. तिला वाटलं मी नम्रपणाने म्हणते.

शेवटी तो आईला हाक मारत होता, त्यांच्या भाषेत. त्यांच्या भाषेतला तेवढा एक शब्द मला येत होता. हे नोरीनला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझं डोकं आता चालत नाही.

आयव्ही


कालगुर्ली,
१५ ऑगस्ट २०२१

प्रिय मावशी,

काल व्हिडिओ कॉलवर मीनाक्षीने मोबाइल तुझ्यासमोर धरला आणि तू आणि नोरीन एकमेकींकडे बघत राहिलात. तुला काही ऐकू आलं नाही. म्हणून नोरीन काय बोलली ते तुला लिहिते. पण आधी मधलं सगळं सांगायला हवं, नाहीतर तुला ते समजणार नाही.

तुझं पत्र आलं त्या सकाळी मी ते युनिच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं. परत घरी जावं असं वाटलं. नोरीनची खिडकी पार्किंगवरच उघडते, तिने मला पाहिलं आणि हात केला. मग मी वर गेले. मराठीतून इंग्रजीत करत, एकेक वाक्य, तुझं सगळं पत्र तिला वाचून दाखवलं. काही गाळलं नाही. त्याने आईला मारलेल्या हाकेचा शब्दही नाही. तो तिचा होता, ठरवणारी मी कोण.

तिने आधी किटली बंद करायला सांगितली. मग म्हणाली, “गोवर?” मी हो म्हटलं. पुढे ती बराच वेळ तो स्कार्फ मांडीवर घडी घालत, पुन्हा उलगडत बसली.

आणि मग तिने जो हंबरडा फोडला, मावशी, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. आपल्याकडे मयताच्या घरी बायका रडतात ते मी ऐकलंय. हे त्याहून जुनं काहीतरी होतं. लायब्ररीतून मुलं बाहेर आली. भास्कर सर वर्ग सोडून आले आणि कॉरिडॉरच्या टोकाला उभे राहिले, पुढे पाऊल टाकायचं त्यांना धैर्य होईना. ॲबोरिजिनल मुलांना मात्र काही सांगावं लागलं नाही. ती तिच्या खोलीत गेली, जमिनीवर तिच्याभोवती बसली. एक मुलगी उठून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली की मिस, तुम्ही आता बाहेर थांबा. मी बाहेर थांबले. तुझ्या फोटोखाली, कारण उभं राहायला तेवढीच जागा होती.

संध्याकाळी ती बाहेर आली, फोटो भिंतीवरून काढला, स्कार्फमध्ये गुंडाळला आणि घरी नेला. तिच्या लोकांत गेलेल्या माणसाचा फोटो काही काळ झाकून ठेवतात आणि त्याचं नाव घेत नाहीत. पन्नास वर्षं तो जिवंत आहे म्हणून ती रोज त्याचं नाव घेत होती. आता घेत नाही. मीही या पत्रात ते लिहिलेलं नाही. तूही माळ जपताना मनातच ठेव.

गेल्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. नोरीन, तिची मुलगी, त्यांची बरीच मंडळी, आमच्या कॅम्पसची मुलं, फ्रँकी आणि मी. युनिची मिनीबस भास्कर सरांनी स्वतः चालवली. फोटो गुपचूप काढू या म्हणालेले ते हेच. वाटेत त्यांनी नोरीनची माफी मागितली. ती म्हणाली, पुढे बघून चालव. मिशनची जागा आता एका मेंढ्यांच्या फार्ममध्ये गेलीय. मालकाने फाटक उघडलं आणि टोपी काढून बाजूला राहिला. शाळेच्या फक्त पायऱ्या उरल्यात. फळबाग नाही. टाकी आहे, गंजलेली. मी टाकीपाशी तू सांगितल्याप्रमाणे शाळेकडे पाठ करून उभी राहिले आणि उजवीकडे वळले.

आम्ही एक पांढरा दगड शोधत होतो.

मावशी, तिथे पांढरे दगड पुष्कळ आहेत. गवतात, ओळीने, लहान लहान अंतरावर. काही मातीत अर्धे गेलेले. मी मोजायला लागले आणि थांबले. फ्रँकीने माझा दंड धरला. मला वाटलं नोरीन पुन्हा तसा आवाज करील, पण ती एकेका दगडापाशी वाकून बघत शेवटपर्यंत गेली. मग परत आली.

“आमच्यातली बरीच मुलं पर्थला गेली होती,” ती म्हणाली. “चांगल्या चांगल्या घरी.”

भास्कर सर बसच्या मागे जाऊन बसले. मुलांनी आग पेटवली, त्यांच्या रीतीप्रमाणे हिरव्या पाल्याचा धूर केला, म्हाताऱ्यांनी तो दगडांवरून फिरवला. कुठला दगड कुणाचा ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळ्यांवरून.

सोमवारी कॅम्पसवर कमिटीची मीटिंग झाली. पुढच्या वर्षी मॉर्निंग टी नको असं मुलांनी सांगितलं. तिथे जाऊन गवत काढायचं, कुंपण घालायचं, आणि घरच्यांनी परवानगी दिली तर जमिनीखाली न खणता बघता येतं त्या यंत्राने जागा तपासायची. ते यंत्र आमच्याच डिपार्टमेंटमध्ये आहे, सोनं शोधायला वापरतात. हे भास्कर सरांनीच सांगितलं. फ्रीमँटलच्या त्या माणसाला नोरीनने फोन केला. त्यालाही कुणी नाही. ती त्याला भेटायला जाणार आहे.

आता कालचं.

तू स्क्रीनवर आलीस आणि हात जोडलेस. नोरीनने जोडले नाहीत, ते तू पाहिलंस. ती आधी तिच्या भाषेत बोलली, बराच वेळ. ते काय होतं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मग ती इंग्रजीत म्हणाली, ते मी जसंच्या तसं लिहिते.

“तो एकटा नव्हता, तू त्याला धरून होतीस, हे मला आईला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. माफी मागू नकोस. ती द्यायची की नाही हे आईच्या हातात होतं आणि आई गेली. मला बाकीच्यांची नावं हवीत. प्रत्येकाचं कुणीतरी अजून शोधत फिरतंय. जिवंत आहेस तोवर सांग.”

तिचं बोलणं संपलं तेव्हा तू मान हलवलीस. तुला काय वाटलं ती काय म्हणाली? तू हसलीसही, थोडं. मला ते बघवलं नाही.

स्क्रीन बंद झाल्यावर नोरीन तिथेच बसून होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, अजून ती आमच्यातलीच वाटते.

मावशी, तुझ्या पत्रात तू एकाच मुलाबद्दल लिहिलंस. मी एकाबद्दलच विचारलं होतं, म्हणून असेल. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत तुला काही होऊ नये अशी मी रोज प्रार्थना करते, आणि ती फक्त तुझ्यासाठी करत नाही, हेही तुला सांगून टाकते. मीनाक्षीला शेजारी बसव. घाई करू नकोस, पण उद्यावर टाकू नकोस. ज्याचं नाव आठवत नसेल त्याचं जे आठवेल ते सांग, कुठल्या वस्तीवरून आणलं, केस कसे होते, रडायचा का. त्यांची माणसं ओळखतील.

माझं तुझ्यावर प्रेम आहे. ते कसं करायचं ते मला आता नव्याने शिकावं लागणार आहे.

इकडे पुष्कळ लोक तुझ्या पत्राची वाट बघतायत. त्यांच्यातली एक,

क्रिस्टीना